तंबोऱ्याचा खर्ज कुठे गेला : एका पिकअपची केस

तक्रार

तंबोरा मिरजेचा, चार तारांचा, काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेला. मालक सांगलीत गाणं शिकवतात. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही तेच म्हणतो. मोठ्या सभागृहात तंबोऱ्यासमोर माइक ठेवला की त्यात तबला आणि पेटी शिरते, शिवाय मागे बसलेला विद्यार्थी जरा हलला की आवाज पडतो. म्हणून सरांनी तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, पिकअप चिकटवून घेतला होता. पिकअप म्हणजे लाकडाची थरथर विजेत बदलणारी चकती. घरी एका छोट्या गिटार अँप्लिफायरवर तो झकास वाजायचा. सभागृहात मिक्सरला जोडला की मात्र खर्ज गायब.

सरांच्या शब्दांत सांगायचं तर (जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची ती खास झिणझिण), "जवारी तेवढी झिणझिणते, खाली काहीच नाही. गाताना टेकायचं कशावर?"

साउंडच्या पोराने त्याच्या परीने सगळं केलं होतं. बास पूर्ण उघडला, तर स्पीकरमधून हम (विजेच्या लाइनची घरघर) यायला लागला. फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर नेला तर मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) घूं करून उठला. शेवटी त्याने निकाल दिला की पिकअप बेकार आहे, बदला. सरांनी बदलला, थोडा महागातला आणला. फरक शून्य. मग दोन्ही पिकअप आणि तंबोरा घेऊन सर माझ्याकडे आले. माझं काम अँप्लिफायर आणि मिक्सर दुरुस्तीचं, वाद्यांचं नाही. पण या तक्रारीत वाद्याचा दोष नाही हे पहिल्या दोन वाक्यांतच कळत होतं. तोच तंबोरा, तोच पिकअप, तीच वायर घरी चालते आणि हॉलमध्ये चालत नाही. बदलतं ते एकच, वायर ज्यात खुपसली जाते ते भोक.

टेबलावर

असल्या पिकअपमध्ये फार काही नसतं. पितळेची २७ मिलिमीटर व्यासाची पातळ चकती, तिच्यावर त्याहून लहान पांढरट सिरॅमिकची चकती आणि सिरॅमिकवर चांदीचा मुलामा. स्वस्त बझरमध्ये असते तीच. एक वायर पितळेला, दुसरी चांदीला.

मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून मी चकती अंगठ्याने दाबली. आकडा उसळला आणि अंगठा तसाच दाबलेला असताना घसरत शून्यावर आला. अंगठा उचलल्यावर पुन्हा उसळला, पण या वेळी उणे चिन्ह घेऊन. सरांना ते दोन-तीनदा करून दाखवावं लागलं. त्यांची अपेक्षा होती की दाब आहे तोवर वीज येत राहील. तसं होत नाही. चकतीतला स्फटिक दाबाला नाही, दाबातल्या बदलाला वीज देतो. एकदा दबला की तेवढा विद्युतभार पृष्ठभागावर येतो, आणि तो मीटरमधून वाहून गेला की संपला. दाब सोडला की तितकाच भार उलट्या दिशेने. तंबोऱ्याची तार सेकंदाला शेकडो वेळा तबली हलवते, म्हणून चकतीतून सतत वर-खाली होणारा संदेश मिळतो. तार थांबली की तोही थांबला.

मग चकतीचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, मोजला. २० नॅनोफॅरडच्या आसपास. दुसऱ्या, महागातल्या चकतीचाही जवळपास तेवढाच. या आकड्यात सगळं प्रकरण होतं, पण तो काय सांगतो हे समजायला स्फटिकाच्या आत थोडं डोकवावं लागतं.

दाबल्यावर वीज का

१८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांनी काही स्फटिक विशिष्ट दिशेने कापून त्यांच्यावर दाब दिला आणि पृष्ठभागावर विद्युतभार येतो हे दाखवलं. त्यांच्या यादीत क्वार्ट्‌झ होता, टूर्मलीन होतं, पुष्कराज होता, रोशेल सॉल्ट होतं आणि चक्क उसाची साखर होती. सांगली जिल्ह्यात बसून हे वाचताना मला दर वेळी गंमत वाटते. कारखान्यातून पोत्यांनी बाहेर पडणारा प्रत्येक मोठा दाणा तत्त्वतः एक छोटा जनित्र आहे. व्यवहारात त्याचा उपयोग नाही, कारण दमट हवेत तो पाघळतो.

मिठाचा दाणा मात्र असं करत नाही. मिठात सोडियम आणि क्लोरीनचे आयन इतक्या सममितीने रचलेले असतात की कसंही दाबा, धन भाराचं केंद्र आणि ऋण भाराचं केंद्र एकाच जागी राहतं. क्वार्ट्‌झच्या रचनेत तसं सममितीचं केंद्रच नाही. दाबल्यावर सिलिकॉन आणि ऑक्सिजन वेगवेगळे सरकतात, दोन केंद्रं एकमेकांपासून किंचित दूर जातात आणि स्फटिकाच्या एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण भार दिसतो. स्फटिकांचे एकूण ३२ वर्ग मानले जातात. त्यातल्या २१ वर्गांत सममितीचं केंद्र नसतं आणि त्यापैकी २० वर्ग ही करामत करतात. उलटही होतं : वीज द्या, स्फटिक आकार बदलतो. हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिपमान यांनी १८८१ मध्ये गणिताने सांगितलं आणि क्युरी बंधूंनी लगेच प्रयोगाने पडताळलं. मनगटावरच्या क्वार्ट्‌झ घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा तुकडा या उलट्या परिणामावरच चालतो.

सरांच्या चकतीत क्वार्ट्‌झ नव्हता. त्यात लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे पीझेडटी नावाचं सिरॅमिक असतं. १९५०च्या दशकात ते पुढे आलं आणि बाकीच्यांना मागे टाकून गेलं. कारण आकड्यांत आहे. क्वार्ट्‌झवर १ न्यूटन बल दिलं तर २.३ पिकोकूलोम भार मिळतो, पीझेडटीवर प्रकारानुसार ३०० ते ६००. भाजून काढलेल्या सिरॅमिकमध्ये मात्र कण वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात, एकाचा भार दुसरा खातो. म्हणून ते तापवून त्यावर जबर विद्युतक्षेत्र लावतात आणि गार होईपर्यंत तसंच धरतात. कणांची तोंडं मग बरीचशी एका दिशेला होतात. ही शिस्त कायमची नसते. ठरावीक तापमानाच्या वर ती मोडते आणि त्या तापमानाला पिएर क्युरींचंच नाव आहे. पीझेडटीचं ते साधारण २०० ते ३५० अंशांच्या पट्ट्यात येतं. सोल्डरिंग आयर्नचं टोकही ३५० अंशांना सहज पोचतं, म्हणून चांदीच्या बाजूवर टाका मारताना आयर्न टेकवून बसायचं नाही. सरांच्या पहिल्या चकतीवर टाक्याभोवती तपकिरी डाग होता, म्हणजे कुणीतरी बराच वेळ टेकवला होता. तरी ती जिवंत होती.

आता हिशेब. एक किलोचं वजन म्हणजे ढोबळ १० न्यूटन. ४०० पिकोकूलोमच्या हिशेबाने भार मिळाला ४ नॅनोकूलोम (हजार पिको म्हणजे एक नॅनो). तो २० नॅनोफॅरडवर पसरला की ०.२ व्होल्ट. आवाजासाठी हे भरपूर झालं, मिक्सरला मिलिव्होल्टही पुरतात. पण ऊर्जा किती? ०.४ नॅनोज्यूल. दुकानात दर वर्षी कॉलेजची पोरं डझनाने चकत्या मागायला येतात, बसस्टँडवरच्या फरशीखाली घालून दिवे लावायचे असतात. नुसत्या अशा दाबावर १ वॅटचा दिवा १ सेकंद जाळायचा तर अडीचशे कोटी वेळा दाबावं लागेल. चकती वाकवली तर याच्या कितीतरी पट मिळतं, थर वाढवता येतात, हे खरं. तरी मी त्यांना चकत्या विकतो आणि हा हिशेबही कागदावर लिहून देतो. गॅस लायटरमध्ये हीच जात हजारो व्होल्टची ठिणगी पाडते, कारण तिथे स्प्रिंगचा हातोडा छोट्या तुकड्यावर जोरात आदळतो आणि तुकड्याचा कपॅसिटन्स अगदी कमी असतो. व्होल्टेज मोठं, ऊर्जा तरीही चिमूटभर.

खर्ज गळतो तो इथे

म्हणजे चकतीकडे देण्यासारखं असतं ते मोजकं. ते कोण कसं घेतं यावर ऐकू काय येणार हे ठरतं.

मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे येणाऱ्या संदेशाला होणारा रोध, साधारण १० किलोओहम असतो. माइकच्या इनपुटचा त्याहून कमी, दोन-तीन किलोओहम. गिटार अँप्लिफायरचा १ मेगाओहम, म्हणजे लाइन इनपुटच्या शंभरपट. भोक असलेल्या कळशीत पाणी ओतताना भोक मोठं असेल आणि धार सावकाश असेल तर पातळी चढतच नाही, तसं इथे होतं. कमी ओहम म्हणजे मोठं भोक. उंच स्वरात भार इतक्या झटपट येतो-जातो की गळायला वेळ मिळत नाही. खर्जात तो सावकाश येतो आणि व्होल्टेज चढायच्या आत निसटतो.

ही सीमा किती हर्ट्‌झला, म्हणजे सेकंदाला किती कंपनांना, पडते ते काढता येतं : १ भागिले (दोन गुणिले पाय (π) गुणिले रोध गुणिले कपॅसिटन्स). १० किलोओहम आणि २० नॅनोफॅरड घातले की उत्तर येतं सुमारे ८०० हर्ट्‌झ. त्याच्या खाली आवाज पडत जातो. सरांच्या तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्‌झला, पंचम १०४ ला, जोडीच्या तारा १३९ ला. चारही तारांचे मूळ स्वर सीमेच्या खूप खाली. खर्जाचा मूळ स्वर मिक्सरमध्ये पोचतो तेव्हा त्याचा जेमतेम अकरावा-बारावा हिस्सा उरतो. गिटार अँप्लिफायरच्या १ मेगाओहमवर तीच सीमा ८ हर्ट्‌झवर येते. तिथे काहीच गळत नाही. घरी चालणं आणि हॉलमध्ये न चालणं, दोन्हींचा उलगडा एका भागाकारात झाला.

तंबोऱ्याच्या बाबतीत हा घोटाळा लवकर पकडला जात नाही याला कारण जवारी. घोडीच्या किंचित उतरत्या माथ्यावर तार घासत सुटते, त्यातून उपस्वरांचा मोठा पिसारा निघतो आणि तो बराचसा ८०० हर्ट्‌झच्या वर असतो. तो सगळा शाबूत पोचतो. मूळ स्वर जवळजवळ नसतानाही उपस्वरांवरून कानाला सा कळतोच. म्हणून साउंडच्या पोराला वाटलं, तंबोरा येतोय की. गायला बसलेल्या माणसाला मात्र पायाखालची जमीन लागत नव्हती. दोघंही खरं बोलत होते.

बास वाढवून हे का सुटलं नाही? बासची खुंटी साधारण ८०-१०० हर्ट्‌झच्या खालचा भाग उचलते, आणि गळती तर ८०० पासून सुरू झालेली. मधला सगळा पट्टा तसाच रिकामा राहतो. वर ५० हर्ट्‌झचा मेनचा हम त्या खुंटीने पहिला उचलला जातो.

माझ्या ओळखीचे मिरजेचे एक जुने रेडिओ दुरुस्तीवाले आहेत. त्यांना फोनवर लक्षणं सांगितली. पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "क्रिस्टल कार्ट्रिज ट्रान्झिस्टरला जोडलंयस होय?" व्हॉल्वच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, रेडिओला मागे रेकॉर्ड प्लेयरसाठी सॉकेट असायचं आणि व्हॉल्वच्या ग्रिडला (इनपुटच्या टोकाला) अर्धा ते एक मेगाओहमचा रोध. रोशेल सॉल्टचं क्रिस्टल कार्ट्रिज (रेकॉर्डवरच्या सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) त्यावर खुशाल चालायचं, त्याला मरण यायचं ते पावसाळ्यातल्या ओलीने. इनपुटं लहान ओहमची होत गेली तसा हा जुना शहाणपणा विस्मरणात गेला. पिकअपच्या खोक्यावर 'प्लग अँड प्ले' छापलेलं असतं, कशात प्लग करायचं ते नसतं.

इलाज

मधे एक बफर घालायचा. चकतीकडून जवळजवळ काही न घेता पुढे मिक्सरला हवा तेवढा प्रवाह देणारा छोटा सर्किट बोर्ड. मी बीएफडब्ल्यू ११ हा एफईटी जातीचा ट्रान्झिस्टर वापरला, आपल्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेत एफईटीचे प्रयोग ज्यावर होतात तीच जात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, सोर्स फॉलोअर (व्होल्टेज न वाढवता फक्त प्रवाह पुरवणारी जोडणी), बस. इनपुटला पाठीला पाठ लावून दोन झेनर (जादा व्होल्टेज अडवणारे डायोड) टाकले, कारण तंबोरा चुकून आपटला तर ही चकती सहज काही दहा व्होल्टचा फटका देते आणि एफईटीचं गेट (इनपुटचं टोक) तेवढ्याने जाऊ शकतं.

बफरच्या इनपुटला रोध किती ठेवायचा यावर विचार करावा लागला. पुस्तकी सल्ला असतो, १० मेगाओहम ठेवा. तसं केलं तर सीमा १ हर्ट्‌झच्याही खाली जाते आणि स्टेजच्या फळ्यांवर कुणी चाललं, कुणी मांडी बदलली, सगळं स्पीकरमध्ये धडधडतं. मी ३३० किलोओहम ठेवला. सीमा २४ हर्ट्‌झ. खर्ज ६९ वर सुखरूप, पावलांची धडधड बरीचशी बाहेर.

हमचं मूळ वेगळं निघालं. पहिल्या वेळी जोडणाऱ्याने पितळेची बाजू सिग्नलला आणि चांदीची बाजू ग्राउंडला दिली होती. पितळेची बाजू मोठी आणि उघडी, विद्यार्थ्याचा हात तिच्याजवळून जाणार. म्हणजे तिने अँटेनाचं काम केलं. पितळ ग्राउंडला घेतलं, चांदीच्या बाजूवर इन्सुलेशन देऊन वरून तांब्याची पट्टी चिकटवली, तीही ग्राउंडला. हम गेला.

राहिली जागा. हे मी एकट्याने करण्यासारखं नव्हतं, म्हणून तंबोरा ज्यांनी बनवला त्या मिरजेच्या चाचांकडे गेलो. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातली माणसं सतार-तंबोऱ्याकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांनी पिकअप पाहिला आणि आधी अट घातली, "घोडीच्या खाली काय बी घालायचं न्हाई. जवारी मी काढलीय, तुझ्या पत्र्यानं बिघडली तर परत आणू नको." रास्त होतं. घोडीखाली कागदाची जाडी वाढली तरी जवारी बदलते.

मग त्यांनी जुना पिकअप नखाने उचकटला. खाली जाड फोमची दुतोंडी टेप होती. तबलीचं बारीक थरथरणं निम्मं त्या फोममध्येच जिरत होतं. आम्ही मधमाशीच्या मेणाचा पातळ थर लावून चकती एकेका जागी टेकवत गेलो, हेडफोन चाचांच्या कानाला. तबलीच्या खालच्या मोकळ्या भागात आवाज ढबढबा. घोडीपासून लांब, कडेला, मेलेला. घोडीच्या मागे, खर्जाच्या तारेच्या बाजूला बोटभर अंतरावर चकती टेकवली तेव्हा चाचांनी एक बोट वर केलं, दुसऱ्या हाताने खर्जाच्या तारेखालचं, जवारी जुळवायचं सूत केसभर पुढे सरकवलं आणि तार छेडली. जवारी उघडली ती हेडफोनमध्येही उघडलेली ऐकू आली. पॉलिश खराब होऊ नये म्हणून चकती मेणावरच ठेवली. उन्हाळ्यात ती सरकली तर पुन्हा बसवायला पाच मिनिटं लागतात.

नंतर

पुढच्या कार्यक्रमाला तोच मिक्सर, तोच पोरगा. बासची खुंटी मधोमध ठेवली आणि खर्ज होता. सरांचं समाधान झालं, माझं पूर्ण नाही. तबलीवरची चकती लाकडाचं थरथरणं ऐकते, भोपळ्यातून हवेत सुटणारा घुमारा ऐकत नाही. पिकअपवरचा तंबोरा म्हणून थोडा कोरडाच राहतो. सरांनी आता पिकअप मुख्य ठेवून जोडीला एक छोटा कंडेन्सर माइक अगदी कमी आवाजावर ठेवायला सुरुवात केली आहे. मॉनिटर तंबोऱ्याच्या तोंडावर आला तर घूं होतोच, त्याला बफरचा इलाज नाही. स्पीकर तबली हलवतो, तबली चकती हलवते. मॉनिटर हलवणं एवढंच हातात राहतं.

मधल्या काळात चाचांनी एका सतारीसाठी असाच बफरचा डबा मागितला. तिच्या घोडीजवळ परदेशी पिकअप होता, चकती नाही, काडीसारखी बारीक पट्टी. मोजला तर कपॅसिटन्स जेमतेम १ नॅनोफॅरड. सरांचा डबा तसाच दिला असता तर ३३० किलोओहमवर सीमा जवळजवळ ४८० हर्ट्‌झला पडली असती आणि सतारीचा खर्ज तंबोऱ्यासारखाच गेला असता. तिथे १० मेगाओहमच हवा. दुसरी अडचण वायरची. चांगल्या शील्डेड वायरचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात असतो, म्हणजे १० मीटर वायर १ नॅनोफॅरड. २० नॅनोफॅरडच्या चकतीला तेवढ्याने पाच टक्क्यांचाही फरक पडत नाही, या पट्टीचा आवाज मात्र वायरीतच निम्मा होतो. म्हणून सतारीचा बफर मिक्सरजवळ न ठेवता वाद्यावरच, पिकअपपासून वीतभर वायरीवर बसवला. बॅटरीचं वजन कुठल्या बाजूला घ्यायचं यावर चाचा आणि सतारीचे मालक यांचं अजून जमलेलं नाही.